शाळेतली आरोग्य तपासणी आणि मोबाईलवरची तयारी: पालक परत परत विचारतात ते प्रश्न

मी नाशिकला सिडकोतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. "परवा तपासणीची टीम येणार आहे" एवढा एक मेसेज ग्रुपवर पडला की रात्री अकरापर्यंत फोन वाजत राहतो आणि गंमत म्हणजे दरवर्षी प्रश्न तेच, फक्त पालक नवे. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. यात सिडको-सातपूरचे पालक आहेत तसे पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या मैत्रिणींच्या शाळांमधून आलेले प्रश्न पण आहेत, त्यामुळे एखादा तुमच्या कामाचा नसेल तर सोडून पुढे जा.

१. ही तपासणी नेमकी कोण करतं? शाळेने ठेवलेले डॉक्टर असतात का?

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये येते ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम, ज्याला सगळे आरबीएसके म्हणतात. २०१३ साली हा कार्यक्रम सुरू झाला आणि सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. टीममध्ये साधारण दोन डॉक्टर (एक पुरुष, एक बाई), एक नर्स ताई आणि एक फार्मासिस्ट असतात, गाडीतून येतात, एका दिवसात एक-दोन शाळा करतात. शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा. खासगी विनाअनुदानित शाळा बहुतेक स्वतःच्या ओळखीच्या डॉक्टरांना किंवा एखाद्या हॉस्पिटलला बोलावतात, तिथे कोण येणार आणि काय तपासणार हे शाळेला सरळ विचारा, विचारायला लाजू नका.

२. नक्की काय काय बघतात?

उंची, वजन, डोळे, कान, दात, त्वचा, छाती-हृदयाचे ठोके, पापणी आणि नखं फिकट आहेत का, शिवाय मूल बोलतं कसं, चालतं कसं. कागदावर याचे चार गट असतात: जन्मजात दोष, कमतरता (रक्त, जीवनसत्त्वं वगैरे), आजार, आणि वाढीतला उशीर किंवा अपंगत्व. एका मुलामागे मिनिटं थोडीच मिळतात, त्यामुळे ही पूर्ण तपासणी नाही, चाळणी आहे. हा शब्द लक्षात ठेवा, प्रश्न १६ मध्ये परत लागेल.

३. बाई, सुई देणार का???

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा मुलंच आईच्या फोनवरून व्हॉइस मेसेज टाकतात. तपासणीत इंजेक्शन नसतं. पण दोन गोष्टी आहेत. एक, कधी कधी हिमोग्लोबिनसाठी बोटाला टोचून एक थेंब रक्त घेतात. दोन, पाचव्या-सहाव्या वर्षी त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि दहाव्या, सोळाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस सरकारी वेळापत्रकात आहे आणि लसीकरणाचा दिवस पण शाळेतच झाला तर मुलांच्या डोक्यात दोन्हीची खिचडी होते. म्हणून आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना विचारून घ्या की उद्या नुसती तपासणी आहे की लस पण, आणि मुलाला जे असेल तेच सांगा. "सुई नाहीच" असं छातीठोक सांगून ठेवलंत आणि बोटाला टोचलं तर पुढच्या वर्षी तो तुमचं काहीच ऐकणार नाही.

४. मोबाईलवर व्हिडिओ दाखवून खरंच फरक पडतो का, की नुसतं फॅड आहे?

पडतो, आणि हे मोबाईलच्या आधीपासून माहिती आहे. १९७५ साली अमेरिकेत मेलामेड आणि सिगल या दोन मानसशास्त्रज्ञांनी ऑपरेशनला आलेल्या मुलांपैकी काहींना एका मुलाची फिल्म दाखवली, तो पण दवाखान्यात भरती होतो, घाबरतो, मग सगळं पार पडतं. बाकीच्यांना भलतीच फिल्म दाखवली. पहिल्या गटातल्या मुलांची भीती ऑपरेशनच्या आधी पण कमी होती आणि नंतर पण.

यात एक बारीक गोष्ट आहे जी आपण हमखास विसरतो. फिल्ममधलं पोरगं शूरवीर नव्हतं, ते घाबरलेलं होतं आणि तसंच पुढे गेलं. आपण मुलांना दाखवतो ते "बघ तो दादा कसा हसत हसत बसला", आणि घाबरलेल्या मुलाला वाटतं की मीच एकटा भित्रा आहे.

५. मग कुठला व्हिडिओ दाखवू? सर्च केलं की कार्टून आणि मोठ्या मोठ्या सुयाच येतात.

ती कार्टून तर दाखवूच नका, त्यात सिरिंज मुलापेक्षा मोठी असते. बघायचं एवढंच की व्हिडिओत खरी माणसं आहेत का, भाषा मुलाला कळते का, दोन-तीन मिनिटांत संपतो का, आणि मुलाला काय *दिसेल, ऐकू येईल, अंगाला लागेल* ते त्यात आहे का. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात, ते स्कॅन केले की दीक्षा ॲपवर (२०१७ पासून आहे) त्या धड्याचं साहित्य उघडतं, परिसर अभ्यासात शरीर, स्वच्छता, आहार वगैरे धडे आहेतच, ते तपासणीच्या आठवड्यात परत काढले तर मुलांना एकदम "अरे हे तर आपल्याला माहितीये" असं होतं.

पण माझं स्पष्ट मत विचाराल तर सगळ्यात चांगला व्हिडिओ तुमच्या शाळेतलाच. आम्ही गेल्या वर्षी फोन कंपासपेटीला टेकवून चाळीस-चाळीस सेकंदांचे तुकडे काढले. चौथीतली मुलगी चप्पल काढते, चपला नीट जोडून ठेवते, वजनकाट्यावर चढते, आकडा हलतो, थांबतो, ती उतरते. बस. मागे आमचाच हिरवा फळा, आमचीच घंटा. पहिलीतल्या मुलांनी ते तुकडे किती वेळा बघितले असतील विचारू नका, आणि त्यांना वजनापेक्षा "ताईची चप्पल तुटलीये" यातच जास्त रस. चालतंय की, जागा ओळखीची झाली ना. (मुलांचे व्हिडिओ काढताना आई-वडिलांना विचारून काढा आणि ते कुठे फिरवायचे याबद्दल प्रश्न १५ वाचा.)

६. किती दिवस आधी सांगायचं? माझा मुलगा आठवडाभर झोपत नाही.

मग आठवडाभर आधी सांगूच नका! अंगणवाडी, पहिली-दुसरीची मुलं असतील तर आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी निघताना एकदा, पुरे. तिसरी-चौथीला दोन-तीन दिवस. मोठ्यांना आठवडा दिला तरी चालतो कारण त्यांचे प्रश्न वेगळे असतात (प्रश्न १२).

७. आधीच मोबाईल सुटत नाही, त्यात तुम्ही अजून व्हिडिओ बघायला सांगताय?

बरोबर आहे तुमचं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांना दोन तासांच्या आत. हे तीन मिनिटं त्याच हिशोबात धरा, वरून नाही. आणि व्हिडिओ संपला की फोन पालथा ठेवून तेच घरात खेळायचं. भिंतीला उभं करून पेन्सिलीने उंचीची खूण, बाहुलीचे दात मोजणं, वहीच्या कागदाची नळी करून पप्पांच्या छातीला लावून धडधड ऐकणं. ही नळी म्हणजे पोरखेळ वाटेल पण १८१६ साली लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने पहिल्यांदा असंच कागदाच्या गुंडाळीतून हृदय ऐकलं आणि त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप आला. मुलांना हे सांगा, त्यांना फार आवडतं.

८. डोळ्यांचा तक्ता यूट्यूबवर आहे. तो आधीच पाठ करून घेतला तर चालेल ना? म्हणजे तिथे अडणार नाही.

नाही चालणार. आणि हे मी माझ्याच चुकीवरून सांगतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या उत्साहाने ग्रुपवर डोळे तपासणीचा एक व्हिडिओ टाकला, त्यात तो नेहमीचा इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता, वर एकच मोठा ई, खाली एफ पी, मग टी ओ झेड. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई फारच मेहनती. तिने आठ दिवस पाढ्यासारखा तो तक्ता घोकून घेतला. टीम आली, डॉक्टर मॅडमच्या पिशवीतून नेमका तसाच तक्ता निघाला, लेकरू उभं राहिलं आणि दोन्ही डोळ्यांनी एका दमात खालपर्यंत म्हणून मोकळं. मागे अजून नव्वद मुलं रांगेत, मॅडमनी "छान" म्हणून टिक केली. मी पण टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

चार महिन्यांनी मधल्या सुट्टीत आंधळी कोशिंबीर चालू होती. त्याच्यावर राज्य, डोळ्यावरचा रुमाल एका बाजूने सरकला, उजवा डोळा पूर्ण उघडा. सगळी पोरं ओरडायला लागली, चीटिंग चीटिंग, याला दिसतंय! आणि हा सरळ जाऊन व्हरांड्याच्या खांबाला धडकला. कपाळ चोळत म्हणतो, "बाई, आईशप्पथ, मला खरंच नाही दिसत." उजव्या डोळ्याने त्याला माझं तोंड पण धड दिसत नव्हतं. डावा चांगला असल्यामुळे कधी कोणाला कळलंच नाही, त्याला स्वतःला पण नाही, त्याला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आळशी डोळा सांगितला, चष्मा लागला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लागली. हे जितकं लहान वयात सापडेल तितकं बरं, साधारण सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर जास्त फायदा होतो. आमचे चार महिने माझ्या व्हिडिओने खाल्ले.

तेव्हापासून मी ग्रुपवर एकच सांगते: तपासणीत पास व्हायचं नसतं. "दिसत नाही" हे पण बरोबर उत्तर आहे, हे वाक्य मुलाकडून घरी म्हणून घ्या. तयारी करायची ती एवढीच की एक डोळा तळहाताने झाकायचा, बोटांच्या फटीतून बघायचं नाही, डोळा दाबायचा नाही, आणि पुढच्याचं ऐकून बोलायचं नाही.

९. मग मोबाईलवर तक्ता उघडून घरीच नजर तपासू का?

मोबाईलवर नाही होत. तक्त्यातली अक्षरं अंतराच्या मापाने बनवलेली असतात. सहा मीटरवरून म्हणजे साधारण वीस फुटांवरून वाचायचं सहा-सहाच्या (म्हणजे चांगल्या नजरेच्या) ओळीचं अक्षर सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं आणि सगळ्यात वरचं त्याच्या दहापट, म्हणजे जवळपास नऊ सेंटीमीटर. आता तुमचा फोन रुंदीला किती भरतो बघा, सात-साडेसात सेंटीमीटर. म्हणजे वरचं अक्षर मावतच नाही, आणि बोटांनी झूम केलं की माप कुठल्या कुठे. त्यापेक्षा घरी लक्ष ठेवा: टीव्हीजवळ जाऊन बसणं, एक डोळा मिटून बघणं, मान वाकडी करणं, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवणं. यातलं काही असेल तर वर्षातून एकदा येणाऱ्या टीमची वाट न बघता दाखवून या.

१०. मुलीला अजून अक्षरं येत नाहीत, तिचे डोळे कसे तपासतील?

लहान मुलांसाठी एकाच ई आकाराचा तक्ता असतो, त्याची तोंडं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे केलेली असतात आणि मुलाने नुसता हात त्या दिशेला करायचा. काही टीमकडे देवनागरी अक्षरांचा तक्ता पण असतो. हा हाताचा खेळ मात्र घरी जरूर खेळा. कागदावर मोठा ई काढून फिरवत राहायचं आणि "तोंड कुठे?" विचारायचं. यात पाठ करण्यासारखं काही नाही त्यामुळे प्रश्न ८ वाली भानगड होत नाही.

११. आमच्याकडे रेंजच नाही, आणि फोन एकच, तो पप्पांबरोबर कंपनीत जातो.

सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून हे येतंच, पण अंबड-सातपूरच्या कामगार वस्तीतून पण तितकंच येतं, तिथे रेंज आहे पण फोन सेकंड शिफ्टला. तर शिक्षकांनी लिंक टाकायची नाही, व्हिडिओच छोटा करून टाकायचा, म्हणजे जिथे रेंज आहे तिथे एकदा डाऊनलोड केला की पुढे ब्लूटूथने एकमेकांना देता येतो. शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर परिपाठानंतर सगळ्यांना एकदम. एका मैत्रिणीने तर नुसता आवाज रेकॉर्ड केला, स्वतःच्या छातीची धडधड, वजनकाट्याची कटकट, "आ कर बरं" म्हणणाऱ्या नर्स ताई, आणि मुलांनी डोळे मिटून ओळखायचं. साधा की-पॅडचा फोन असला तरी मेमरी कार्डवर घालून वाजतो. आणि काहीच नसेल तर आजी आणि बाहुली आहेतच, ते पण नेटवर्कशिवाय चालतं.

१२. मुलगी सातवीत आहे, लाजते. कपडे काढावे लागतात का? पुरुष डॉक्टर तपासतील का?

शाळेतल्या तपासणीत कपडे उतरवायची गरज सहसा पडत नाही, स्वेटर किंवा बूट-मोजे एवढंच. टीममध्ये बाई डॉक्टर ठेवलेल्या असतात त्या याचसाठी, आणि मुलींची तपासणी होताना शाळेतल्या बाईंनी तिथे थांबायचं. मुलीला घरी तीन गोष्टी सांगून ठेवा: डॉक्टर आधी सांगतील आणि मग हात लावतील, तिला नको असेल तर ती "थांबा" म्हणू शकते, आणि कुणी एकटीला बंद खोलीत बोलावलं तर जायचं नाही, बाईंना बोलवायचं. मुलांना पण हेच सांगा, फक्त मुलींना नाही. आणि काही वावगं वाटलं तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, फुकट लागतो, तो तोंडपाठ असू द्या (पाठ करायचंच असेल तर हे करा).

पाळी, अंगावरून जाणं, पिंपल्स, मन उदास असणं हे प्रश्न रांगेत उभं राहून विचारता येत नाहीत. मोठ्या सरकारी दवाखान्यांमध्ये किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे जा.

१३. त्याच दिवशी गोळ्या पण देतात का? जंताची गोळी खाल्ल्यावर पोट दुखतं म्हणे.

जंतनाशक दिवस वेगळा असतो, १० फेब्रुवारीला, आणि बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये दुसरी फेरी. एक ते एकोणीस वर्षांपर्यंत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी. चावून खायची, गिळायची नाही. जंत जास्त असतील त्या मुलांना थोडं मळमळतं, पोटात दुखतं, मग थांबतं. मूल आजारी असेल तर त्या दिवशी देऊ नका, बाईंना सांगा, राहिलेल्या मुलांसाठी नंतर परत एक दिवस ठेवतात.

लोहाच्या गोळ्या दर आठवड्याला, लहान मुलांना गुलाबी, सहावीच्या पुढे निळ्या. जेवल्यावर घ्यायच्या, चहा-दुधाबरोबर नाही. शी काळी होते, घाबरू नका, हे आधी सांगितलं नाही तर रात्री दहाला मला फोन येतो.

१४. सकाळी उपाशी पाठवायचं का? काही खास तयारी?

उपाशी अजिबात नाही, खाऊन पाठवा, भुकेलं पोर रांगेत चक्कर येऊन पडतं. चष्मा असेल तर न विसरता. कानात तेल टाकू नका, मळ काडीने कोरू नका. दात घासून. औषध चालू असेल तर चिठ्ठी दप्तरात. आधी झटका आला असेल, दम्याचा त्रास असेल, ऑपरेशन झालं असेल तर कागदावर चार ओळी लिहून द्या, मुलं सांगत नाहीत.

दातांचं एक सांगून ठेवते. सहाव्या वर्षी मागे जी नवीन दाढ येते ती दुधाची नसते, कायमची असते. "पडणारेय ना ती" म्हणून सोडून देतात लोक आणि ती आयुष्यभराची दाढ आठव्या वर्षी किडून जाते.

१५. एका ॲपवर मुलाची माहिती, फोटो, आधार मागतायत. भरू का? आणि रिपोर्ट ग्रुपवर टाकले तर चालतात का?

आधी विचारा की हे ॲप कोणाचं आणि कशासाठी. मुलाला तपासणी समजावून सांगायला ॲपला त्याचं आधार कशाला लागतं? २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं लिहिलंय, त्यामुळे "सगळ्यांनी भरलंय" हे उत्तर होत नाही. शाळेची अधिकृत नोंद वेगळी, ती शाळेतून होते.

रिपोर्ट ग्रुपवर नाही म्हणजे नाही. माझ्या भाचीच्या शाळेत (नाव नाही घेत) कुणीतरी अख्ख्या वर्गाची उंची-वजनाची यादी ग्रुपवर टाकली, सोयीसाठी. दुसऱ्या दिवसापासून तिला वर्गात "सत्तेचाळीस" म्हणायला लागले. आकड्याने! ती डबा खायची बंद झाली. यादी डिलीट केली पण टोपणनाव कसं डिलीट करणार. वजन करताना आकडा मोठ्याने ओरडायचा नाही हे पण टीमला आणि शिक्षकांना आधीच सांगून ठेवा.

१६. कार्डावर "रेफर" लिहून आलंय. काहीतरी मोठं आहे का?

असेलच असं नाही. प्रश्न २ मधली चाळणी आठवा, चाळणीत खडा वाटला म्हणजे तो खडाच असतो असं नाही पण उचलून बघायचा. हिमोग्लोबिनचं उदाहरण घ्या: ५ ते ११ वर्षांत साडेअकराच्या खाली, १२ ते १४ मध्ये बाराच्या खाली असेल तर कमी धरतात, आणि ११.२ आलं तर ते जेवण आणि गोळ्यांनी सुधारण्यासारखं असतं, सात आलं तर मात्र उद्याच दवाखाना.

पाठवतात ते आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, आणि पुढचं असेल तर जिल्ह्याला, म्हणजे आपल्याकडे त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलला. बोलणं, ऐकणं, वाढ याच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणून वेगळं केंद्र असतं. या कार्यक्रमातून पाठवलेल्या मुलांचे उपचार मोफत असतात, हृदयाच्या ऑपरेशनपर्यंत, त्यामुळे ते कार्ड हरवू नका, आधी त्याचा फोटो काढून ठेवा. मोबाईलचा सगळ्यात चांगला उपयोग हाच म्हणेन मी.

१७. मुलाला ऑटिझम आहे. स्टेथोस्कोप लागला तरी किंचाळतो. त्याला त्या दिवशी घरीच ठेवू का?

नका ठेवू, पण सगळ्यांसारखी तयारी पण नको. त्याच्यासाठी व्हिडिओपेक्षा फोटो बरे, पाच-सहा फोटो क्रमाने: शाळेचं गेट, तपासणीची खोली, खुर्ची, डॉक्टर, मग त्याचा आवडता खेळ किंवा खाऊ. प्रत्येकाखाली एकच वाक्य. रोज तोच क्रम. शेवटचा फोटो खरा ठरला पाहिजे, खाऊ दाखवला तर खाऊ द्यायचाच. थंडगार धातू छातीला लागणं हाच त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा, ते तळहातावर घासून गरम करतात किंवा शर्टावरून ऐकतात. रांगेत थांबवू नका, पहिला किंवा सगळ्यात शेवटचा नंबर मागून घ्या. नाहीच जमलं तर डीईआयसीला वेगळी वेळ (प्रश्न १६).

१८. आश्रमशाळेत सिकलसेलसाठी रक्त घेतलं. मुलाला "वाहक" सांगितलंय. आता काय?

सिकलसेल म्हणजे आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. आदिवासी भागात तो जास्त आढळतो म्हणून १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. वाहक म्हणजे आजारी नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून तो गुण आलाय, मुलगा खेळू शकतो, शिकू शकतो, सगळं करू शकतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळाला आजार व्हायची शक्यता चारात एक असते, म्हणून हे कार्ड लग्नापर्यंत जपायचं. मुलाला समजावताना गोल पेशी आणि विळ्यासारखी वाकडी पेशी असा व्हिडिओ चांगला चालतो, विळा त्यांना घरचाच असतो. फक्त "तुझ्या रक्तात दोष आहे" असं म्हणू नका.

१९. द्राक्षाच्या हंगामात आम्ही निफाड-दिंडोरीकडे कामाला असतो, तपासणी चुकली तर?

वर्गशिक्षकांना निघण्याआधी सांगा, यादीत "गैरहजर" ऐवजी "स्थलांतरित" लिहिलं जातं आणि पाठपुरावा होतो. जिथे असाल तिथल्या अंगणवाडीत लहान मुलांची नोंद करून घेता येते आणि मोठ्यांना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवता येतं. कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

२०. "नीट वाग नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" असं आजी म्हणते. काय करू?

आजीला हा प्रश्न वाचून दाखवा. तुम्ही वर्षभर भीती घालायची आणि मी तीन मिनिटांच्या व्हिडिओने ती काढायची, असं कसं जमणार.

२१. एवढं सगळं करूनही ऐनवेळी मूल बसलंच नाही तर?

धरून, दाबून बसवू नका. टीमला सांगा, शेवटी परत विचारतात.

मागच्या वर्षी पहिलीतली एक मुलगी बाकाखाली जाऊन बसली, निघेचना. घरी सगळे व्हिडिओ बघितले होते, बाहुलीचे दात मोजून झाले होते, आई रडकुंडीला आलेली. डॉक्टर सर शहाणे निघाले, म्हणाले, "राहू दे तिला, आधी तुमच्या बाईंना तपासू." मला काट्यावर चढवलं आणि आकडा मोठ्याने वाचला. (प्रश्न १५ मध्ये मी काय लिहिलंय ते मला माहितीये, पण स्वतःचं वजन चालतं.) अख्खा वर्ग, "बाई एकाहत्तर! बाई एकाहत्तर!" बाकाखालून आधी एक वेणी बाहेर आली, मग डोकं. "मला बघू," म्हणत ती काट्यापाशी आली, तोपर्यंत मी उतरले होते आणि आकडा शून्यावर. "कुठंय एकाहत्तर?" म्हणून ती काट्यावर चढून खाली वाकून शोधायला लागली. सरांनी गुपचूप साडेसोळा लिहून घेतलं.